शोभाबाईंची बाजू

मित्रांनो, मी कडुलिंबाच्या लाकडाचा एक जुना, जाडजूड पलंग आहे. कळसाडीत सुकलालआबांच्या घरी मी चाळीस वर्षं राहतो आहे. मधले पाच महिने मी गोठ्यात काढले, ते मी धरत नाही.

शहाद्याच्या मेहबूब मिस्त्रींनी मला घडवलं. मापाच्या बाबतीत माणूस भारी हट्टी. त्यांनी आबांना खुर्चीवर बसवलं, जमिनीपासून गुडघ्यापर्यंतची उंची घेतली आणि तेवढीच मला दिली. पलंगाला कशाला एवढं माप, म्हणून लोक हसले. मला मात्र त्याचा अजून अभिमान आहे.

मी भिंतीला टेकलेला; आबा भिंतीकडे झोपत आणि त्यांची बायको शोभाबाई दाराकडे. गाईची धार काढायला त्यांना भल्या पहाटे उठावं लागे. आबांची झोप मोडू नये म्हणून ही सोय. कापूस वेचून आल्या की त्या माझ्यावर पाठ टेकत आणि म्हणत, "हाऊ पलंग शे म्हनीसन मी शे." हा पलंग आहे म्हणून मी आहे, हे ऐकून मी फुलून जाई.

तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. आबा भिंतीकडेच झोपत राहिले.

मग आबांचा उजवा हात थरथरू लागला. कपातला चहा बशीत आणि बशीतला धोतरावर. डॉक्टरांनी सांगितलं, हा कंपवात आहे, पार्किन्सन. हात थरथरतो ते चारचौघांना दिसतं. अंग आखडतं ते मला कळे. कूस बदलायला त्यांना किती वेळ लागे! सकाळी ते भिंतीकडून सरकत सरकत पलंगाच्या मध्यापर्यंत येत आणि तिथेच थांबत. पुढे शोभाबाईंची जागा होती. मी पडलो लाकूड, हात कुठून देणार?

त्यांचा मुलगा अमृत लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवतो आणि तिथेच राहतो. एकदा तो आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि आबा अजून अंथरुणातच होते. तो घाबरला.

"आबा, तुम्हले सोता उठता येस नही, तं मी तुम्हले लोणखेडाले लई जासू."

आबांना हे घर सोडायचं नव्हतं.  अमृतलाही त्यांचं मन मोडवेना, म्हणून त्याने आधी एक नवा पलंग आणून पाहिला. एकट्यापुरता, ठेंगणा, वर जाड फोमची गादी. माझी रवानगी गोठ्यात झाली. गाय कधीच विकली होती. अंगावर ठिबकच्या नळ्यांची वेटोळी घेऊन मी पडून राहिलो. तिथे फार एकटं वाटे.

नव्या गादीत आबा रुतत आणि त्यांना कूसही बदलता येत नसे. एका दुपारी ते भिंत धरत धरत गोठ्यात आले. नळ्या बाजूला सारून माझ्या काठावर बसले. थोड्या वेळाने माझ्यावर हात टेकून, कोणाच्याही मदतीशिवाय उठले! मग रोज येऊ लागले. अमृतने हे पाहिलं आणि मेहबूब मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री आता म्हातारे झाले होते, पण माप तोंडपाठ होतं. त्यांनी मला पुसून पुन्हा जुन्या जागी नेलं.

"सुकलालभाऊ, तुम्ही दारकडे झोपा ना. तठून उठनं सोपं शे."

"तठे ती झोपस," आबा म्हणाले.

अमृतने मान फिरवली.  मग मिस्त्रींनी मला भिंतीपासून दोन हात पुढे ओढलं आणि भिंतीत धरायला एक दांडा ठोकला. एवढंच! चाळीस वर्षांत हे कोणालाच सुचलं नव्हतं, अगदी मलाही.

आता आबा भिंतीच्या बाजूने पाय खाली सोडतात, दांडा धरतात आणि उठतात. वेळ लागतो, पण स्वतःच उठतात. लोणखेड्याला जायचं नाव आता कोणी काढत नाही.

मित्रांनो, घरातल्या आजारी माणसासाठी पलंग घ्याल तेव्हा गादी किती नरम आहे हे नंतर बघा. कोणत्या बाजूने उठायला बरं पडतं, हे आधी त्यालाच विचारा. आणि कोणती बाजू तशीच राहू द्यायची आहे, तेही विचारा.

रोज उठल्यावर आबा वळसा घालून दाराकडे येतात आणि थरथरत्या हाताने शोभाबाईंच्या जागेवरची चादर सारखी करतात. तिला सुरकुती पडलेली नसते. ती बाजू मला फार हलकी लागते.