गाडीच्या मागे उभा असलेला माणूस

गाडी जुनी झाली की माणसासारखीच कुरकुरायला लागते. कुणाच्या गाडीची दारं कण्हतात, कुणाची गाडी थंडीत उठायलाच तयार नसते. घड्याळजींची गाडी खुळखुळायला लागली. रिकाम्या डब्यात खडे घालून कुणी हलवत बसावं, तसा आवाज थेट पायाखालून यायचा.

"अहो, सीटखाली लेकीचा खुळखुळा राहिलाय का कुठे?" बायकोने विचारलं.

"लेक नोकरीला लागली, आता कुठला खुळखुळा!" घड्याळजी म्हणाले खरे, पण घरी आल्यावर त्यांनी गुपचूप सीटखाली हात घालून पाहिलंच.

घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसायचे. कामात अगदी चोख. त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडलं, तर आधीच्या कुणा कारागिराने आतला मोडका भाग चक्क काढून टाकून वरून झाकण घट्ट बसवून दिलेलं! "वरून घड्याळ, आतून थाप!" असं म्हणत ते घरभर फिरत होते. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

रविवारी मेहुणा आला. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, पण गाड्यांखाली शिरायची त्याला भारी हौस. अंगणात गाडी जॅकवर उचलली, खाली टेकूला मजबूत लोखंडी घोड्या लावल्या आणि साहेब पाठीवर सरपटत आत गेले. ठकठक वाजवून पाहिलं आणि आतूनच निकाल दिला, "भाऊजी, तुमचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला!"

नाव जड आहे, पण काम समजायला सोपं आहे. इंजिनातला धूर ज्या नळीतून बाहेर पडतो, तिच्या वाटेवर एक पोलादी डबा बसवलेला असतो. डब्याच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची जाळी. गाडी तापली की जाळीही तापते आणि तिच्यातून जाताजाता धुरातल्या विषारी वायूंचं रूप बदलतं, त्यांतलं बरंचसं विष उतरतं. आता गंमत पाहा. हा डबा गाडीला पुढे ढकलत नाही, ब्रेक लावत नाही, दिवा पेटवत नाही. गाडीत बसलेल्यासाठी तो जवळजवळ काहीच करत नाही. त्याची सगळी मेहनत बाहेरच्यांसाठी. म्हणूनच तो बिघडला की माणसाला वाटतं, असला काय आणि नसला काय!

"नवा महाग आहे," मेहुणा बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाला. "पण त्याची गरजच काय? डबा उतरवतो, आतली फुटकी जाळी पहारीने काढून टाकतो आणि रिकामा डबा जिथल्या तिथे बसवतो. वरून बघणाऱ्याला काय कळणार? सगळे हेच करतात."

कट्ट्यावर आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे घड्याळजींचे वडील. सगळी हयात बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेली. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण खांद्याला पिशवी असल्यासारखे अजूनही एका बाजूला किंचित कलून चालायचे.

"अरे, ती जाळी कुणीतरी विचार करूनच बसवली असेल ना?" आप्पा म्हणाले. "काढून कशी टाकता?"

घड्याळजी उन्हाने आणि धुळीने वैतागले होते. पटकन बोलून गेले, "आप्पा, तुम्ही कंडक्टर होतात, ड्रायव्हर नव्हे. गाडीतलं तुम्हाला काय कळतं?"

आप्पा उठून आत गेले. संध्याकाळपर्यंत गाडीच्या पोटातली जाळी चुरा होऊन कचऱ्यात पडली आणि पोकळ डबा पुन्हा जागेवर चढला. खुळखुळ बंद! उलट गाडी थोडी जोरातच पळायला लागली. घड्याळजी खूश, मेहुणा तर त्याहून खूश.

या घरात रोजचा एक सोहळा होता. अंगण म्हणजे तिन्ही बाजूंनी भिंती आणि मधे जेमतेम गाडीपुरती जागा. संध्याकाळी दुकानातून आल्यावर घड्याळजी गाडी उलटी आत घालायचे, म्हणजे सकाळी सरळ बाहेर पडता येई. उलटी घालताना मागे उभं राहून सांगायचं काम आप्पांचं. फाटकाशी हॉर्न वाजला की आप्पा हातातलं काम टाकून अंगणात हजर! फाटकाशी गाडीमागे उभे राहून ते डिकीवर हाताने दोन थापा मारत आणि गाडीबरोबर मागच्या भिंतीपर्यंत सरकत जात. दोन थापा म्हणजे चल, एक थाप म्हणजे थांब. बसमधल्या घंटीचा तोच कायदा. आणि तोंडाचा पट्टा तर अखंड चालू.

"येऊ द्या, येऊ द्या! डावीकडे घ्या जरा, कुंडीला तिकीट नाही, तिला चिरडू नका! अजून एक सडपातळ माणूस मावेल... या, या... बस्स!"

घड्याळजींना आरशात नीट दिसायचं नाही, पण आप्पांचा आवाज असला की डोळे मिटूनही गाडी आत गेली असती.

जाळी काढल्यानंतर हा आवाजच बंद झाला.

थापा पडायच्या. दोन थापा, मग एक थाप. पण शब्द एक नाही. गाडी थांबली की आप्पा लगबगीने बाजूने निघून थेट मागच्या दारी जायचे आणि बराच वेळ तिथेच थांबायचे.

"आप्पा रागावलेत माझ्यावर," एकदा जेवणं झाल्यावर घड्याळजी बायकोला म्हणाले.

"मग रागावतील नाही तर काय! कंडक्टर म्हणून हिणवलंत तुम्ही त्यांना. माफी मागा की."

"मागतो गं. जरा वेळ बघून मागतो."

वेळ बघता बघता दिवस जात राहिले. आपल्या माणसाची माफी मागायला आपल्याला मुहूर्त लागतो आणि बोलून दुखवायला मात्र एक क्षणही पुरतो, तुमचाही अनुभव हाच असेल.

एका संध्याकाळी वारा पडला होता. घड्याळजी फाटकाशी आले, हॉर्न दिला. दोन थापा पडल्या. गाडी हळूहळू मागे निघाली. एका थापेची वाट पाहत ते आरशात बघत होते. थाप काही पडेना. आणखी थोडी मागे घेतली. तरी थाप नाही. कुणास ठाऊक का, त्यांनी कचकन ब्रेक दाबला. इंजिन बंद करून ते मागे धावले.

आप्पा भिंतीला टेकून उभे होते. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लालबुंद. एक हात भिंतीवर, दुसरा थाप मारायला उचललेला, पण तसाच हवेत राहिलेला. गाडीची डिकी त्यांच्या पोटापासून वीतभर अंतरावर होती. वीतभर!

"आप्पा!"

आप्पांनी हाताने 'आधी बाहेर चल' अशी खूण केली. घड्याळजींनी त्यांना धरून फाटकाबाहेर नेलं. तिथे आप्पांनी मोठा श्वास सोडला, खोकले, पुन्हा श्वास घेतला. बायको पाणी घेऊन धावत आली.

"काय झालं? छातीत दुखतंय का?" घड्याळजींनी विचारलं.

"छातीला काही झालेलं नाही." आप्पा दम घेत म्हणाले. "आज तुझी गाडी जरा सावकाश आली. माझा श्वास पुरला नाही, एवढंच."

"श्वास पुरला नाही म्हणजे?"

आप्पा चोरी पकडली गेलेल्या पोरासारखे हसले. "अरे, तू ती जाळी काढलीस तेव्हापासून मागे उभं राहवत नाही. डोळे चुरचुरतात, डोकं ठणकतं. मग मी युक्ती काढली. फाटकाशी हॉर्न वाजला की छाती भरून श्वास घ्यायचा आणि गाडी लागेपर्यंत धरून ठेवायचा. म्हणून तर बोलता येत नाही. श्वास धरून 'येऊ द्या, येऊ द्या' कसं म्हणणार?"

इतके दिवस ज्याला ते राग समजत होते, तो राग नव्हताच. म्हातारा बाप त्यांच्याच गाडीच्या मागे रोज श्वास कोंडून उभा राहत होता!

"मला सांगायचं नाही का आप्पा?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, आप्पा, उद्यापासून मागे उभे राहू नका. घरात मला तेवढी एकच ड्यूटी उरली आहे, बाबा. ती कशाला घालवू?"

बायकोने पदराने डोळे टिपले. घड्याळजी तिथेच पायरीवर खाली बसले.

"चुकलो, आप्पा. उद्याच्या उद्या काहीतरी करतो. गाडी बाहेर रस्त्यावरच लावतो. तुम्हाला त्रास नको."

आता मात्र आप्पांचा आवाज चढला. "म्हणजे मला नको आणि रस्त्यावरच्यांना चालेल? हे तुझं उत्तर? अरे, माझं काय घेऊन बसलास! तू येणार हे मला हॉर्नवरून कळतं, मी श्वास धरू शकतो. सिग्नलला तुझ्या मागे बाबागाडी ढकलत एक आई उभी असते. त्या पोराचं नाक बरोबर तुझ्या नळीच्या उंचीला! त्याला कोण सांगणार, बाळा, श्वास धर म्हणून?"

"पण आप्पा, सगळेच तर..."

"सगळेच! माझ्या बसमध्ये फुकट चढणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा. मास्तर, एकट्या माझ्याने काय बस बुडणार आहे? मी म्हणायचो, बस बुडणार नाही रे, पण तुझं तिकीट दुसरा कुणीतरी भरतोय, त्याच्याकडे एकदा वळून बघ. तू तेच केलंस. गाडीतून मजेत जातोस तू आणि तिकीट फाडतोस मागच्याच्या नावावर!"

घड्याळजींनी मान खाली घातली. आप्पांनी मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज एकदम मऊ झाला.

"मला गाडीतलं कळत नाही, खरंय तुझं. पण आतला भाग काढून वरून झाकण लावणाऱ्याला तूच मागे घरभर फिरून काय काय म्हणत होतास, ते मी ऐकलंय."

वरून घड्याळ, आतून थाप! घड्याळजींना स्वतःचेच शब्द आठवले आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दुकानात बसून ते ज्याला नावं ठेवत होते, तो लबाड कारागीर त्यांच्या अंगणातच होता की!

दुसऱ्या दिवशी गाडी फाटकाबाहेर निघाली नाही. घड्याळजी पायी दुकानात गेले. बायकोने टीव्हीसाठी मागे टाकलेले पैसे न विचारताच पुढे केले. "जुना टीव्ही दिसतोय अजून," ती म्हणाली, "आणि आप्पांची बडबड ऐकू येणार असेल तर तो लावायचाय कुणाला?"

पुढच्या रविवारी मेहुणा पुन्हा हजर झाला, या वेळी जरा खाली मान घालून. "आप्पा, सल्ला माझाच होता," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. म्हणून तर तुलाच खाली झोपवणार आहे," आप्पा म्हणाले आणि हातात बॅटरी घेऊन गाडीशेजारी स्टूल टाकून बसले.

इंजिन पूर्ण थंड झाल्याची खात्री करून कामाला सुरुवात झाली. घोड्या नीट बसल्या आहेत की नाही, हे आप्पांनी गाडी हलवून दोनदा पाहायला लावलं. नटबोल्ट गंजून घट्ट झाले होते. त्यांवर गंज सोडवायचं तेल सोडून सगळ्यांनी चहा घेतला, तेव्हा कुठे ते सैल पडले. पोकळ डबा उतरला. घड्याळजींनी तो हातात घेऊन आरपार पाहिलं. पलीकडची कुंडी स्वच्छ दिसत होती. अडवायला आत काहीच नव्हतं. मग त्यांनी नवा डबा उचलला. डोळ्याला भिंग लावायची त्यांची सवय, तसेच डोळे बारीक करून आत बघत राहिले. बारीक, सुबक, एकसारखी भोकं. एखाद्या उत्तम घड्याळाचं काम असावं तशी!

"किती सुंदर आहे हो हे," ते पुटपुटले. "आणि मी हे पहारीने फोडायला लावलं."

नवं पॅकिंग घालून डबा चढला, बोल्ट आवळले गेले. इंजिन सुरू करून कुठे सांध्यातून धूर गळतोय का, तेही पाहून झालं. मेहुणा काळं लागलेलं तोंड घेऊन बाहेर आला तेव्हा आप्पांनी त्याला साबण दिला आणि वर शाबासकीही.

मग घड्याळजी गाडी घेऊन एक मोठा फेरफटका मारून आले, जाळी चांगली तापावी म्हणून. फाटकाशी येऊन त्यांनी हॉर्न दिला आणि काच खाली केली. अंगणात क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. घड्याळजींनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

धप्, धप्! डिकीवर दोन थापा पडल्या.

"येऊ द्या, येऊ द्या! कुंडीला सांभाळा... मेहुण्याला नाही सांभाळलंत तरी चालेल! या... अजून या..."

घड्याळजींना आरशात काही नीट दिसेना. या खेपेला दोष आरशाचा नव्हता.

मित्रांनो, गाडी चालवणाऱ्याला आपला धूर कधी लागत नाही, तो मागच्याला लागतो. म्हणून स्वतःला त्रास होत नाही एवढ्यावरून आपलं सगळं ठीक चाललंय, असं समजू नका. घरातला कचरा भिंतीपलीकडे टाकताना, दारातलं सांडपाणी उताराला सोडून देताना, गाडीचा एखादा भाग 'असला काय नसला काय' म्हणून काढून टाकताना एकदा मान वळवून मागे पाहा. तिथे कुणीतरी उभं असतं. कदाचित अनोळखी, कदाचित अगदी आपलं, आणि तुम्हाला त्रास नको म्हणून एक शब्दही न बोलता श्वास धरून राहिलेलं. त्याला मोकळा श्वास घेऊ देणं हे आपलंच काम आहे!

"बस्स!" आप्पांनी एक थाप मारली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "उतरा आता. शेवटचा थांबा आला."