खोटी जोडी

चंद्रिकानं कापलेले ट्रान्झिस्टर काउंटरवर ठेवले, तेव्हा दुकानदार अनिलकुमार मोबाईलवर बोलत होता. त्यानं एक नजर टाकली आणि बोलणं मुद्दाम लांबवलं. ती हलली नाही. मागं गिऱ्हाइकं खोळंबली, तरी हलली नाही. शेवटी त्याला फोन ठेवावाच लागला.

"काय झालं, अक्का?"

ती एकेक करून तिन्ही तुकडे त्याच्यापुढं सरकवत गेली. एक होता जपानी अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेला, चाळीसेक वर्षं चालून मेलेला. उरलेले दोन याच दुकानातून नेलेले. तिन्हींच्या लोखंडी टोप्या तिनं करवतीनं कापल्या होत्या. जुन्याच्या आत वीज पेलणारी चकती हरभऱ्याच्या डाळीएवढी होती. नव्यांच्या आत तिळाएवढी. नंबर मात्र तिन्हींवर एकच छापलेला, आणि खोट्यांवरचा जास्त ठळक.

"हीट सिंकला पेस्ट नीट लागली नसंल, तापून गेला असंल," अनिलकुमार म्हणाला. लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला. "बायकांच्या हातनं स्क्रू जरा ढिलाच बसतो. दुसरी जोडी देतो की, घिवून जावा."

साखर पेठेतल्या दुकानात वडिलांशेजारी बसून चंद्रिका सोल्डरिंग शिकली, त्याला जमाना झाला. ते गेल्यावर गल्लीत सगळे म्हणाले होते, आता शटर ओढणार. तिनं ओढलं नव्हतं. सोलापुरातले जुने रेडिओ, मंडळांचे भोंगे, भजनाचे माइक आजही तिच्याकडं येत होते. स्क्रू ढिला बसल्याची तक्रार आजवर कुणी केली नव्हती. पण आज ती स्वतःसाठी आलीच नव्हती.

तो अ‍ॅम्प्लिफायर धुळाप्पांचा. मंगळवेढ्याच्या पलीकडं माळावर त्यांची वस्ती. तरुणपणी कुवेतला ट्रक चालवायला गेले आणि परत येताना सोन्याऐवजी हे धूड आणि दोन मोठे स्पीकर घेऊन आले, म्हणून भावकीनं त्यांना वेड्यात काढलं होतं. त्यांची बायको गोजाबाई आता जवळजवळ ठार बहिरी. मोबाईलचा, टीव्हीचा आवाज तिच्यापर्यंत पोचतच नाही. पण या जपानी अ‍ॅम्प्लिफायरचा खर्जातला आवाज तिला कळतो. ती डाव्या स्पीकरला खेटून बसते, त्याच्या पेटीवर तळहात ठेवते आणि धनगरी ओव्यांची कॅसेट ऐकते. निम्मी कानानं, निम्मी हातानं.

डाव्या बाजूचे दोन्ही ट्रान्झिस्टर गेले, तेव्हा धुळाप्पा तो अ‍ॅम्प्लिफायर पोत्यात घालून एसटीनं घेऊन आले होते. चंद्रिकानं जोडी शोधायला जंग जंग पछाडलं. भंगारवाले पालथे घातले, पुण्याच्या ओळखीच्या मेकॅनिकला विचारलं, ऑनलाइन मागवून बघितलं. आलेल्या पाकिटातला माल हातात घेताच हलका लागला, तो तिनं परत पाठवला. मग अनिलकुमार म्हणाला होता, वडिलांच्या वेळचा जुना स्टॉक आहे, एकदम ओरिजनल. त्याच्या वडिलांनी कधी खोटा माल दिला नव्हता. त्या भरवशावर तिनं जोडी नेली, बसवली. दुकानात दिवसभर लावून बघितली. चांगली चालली.

वस्तीवर आठवडाभरही टिकली नाही. ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झाले आणि सगळी वीज सरळ स्पीकरमध्ये गेली. गोजाबाईचा हात तेव्हा पेटीवरच होता. तिला पेटी गुरगुरल्यासारखी वाटली, मग धूर आला. स्पीकरचा कागदी पडदा जळून गेला.

तेव्हापासून म्हातारीनं एकच धरलं होतं. धुळाप्पांनी फोनवर सांगितलं, "माझ्या हातानं जळालं म्हंती, पोरी. हात ठिवायचाच न्हवता म्हंती. लई समजावलं. दोन घास खाती आन उठती."

हे ऐकल्यापासून चंद्रिकाला धड झोप नव्हती.

"मला दुसरी जोडी नको," ती अनिलकुमारला म्हणाली. "पैसेही नकोत. आत्ता फोन लावते. धुळाप्पामामांना एवढंच सांग की माल खोटा होता. ते मामीला सांगतील."

"असं कसं सांगू, अक्का? मी काय फॅक्टरी चालवतो? वरनं येतं तसं विकतो."

"जुना स्टॉक म्हणालास तू. वडिलांचं नाव घेतलंस."

तो गिऱ्हाइकांकडं बघून हसला. त्या गिऱ्हाइकांत शिवू होता, मंडळांचे डीजे दुरुस्त करणारा. चंद्रिकानं मोठ्या आशेनं त्याच्याकडं बघितलं. तो तिला बाजूला घेऊन गेला आणि हलक्या आवाजात बोलू लागला. हे सगळ्यांनाच ठाऊक आहे म्हणाला. खरा माल आता मिळतच नाही. एकाच्या जागी दोन बसवायचे आणि गिऱ्हाइकाला आवाज कमी ठेवा म्हणून सांगायचं, झालं. भांडून काय उपयोग, उद्या याच काउंटरवर यायचंय.

अनिलकुमारचा तिला राग आला होता. शिवूचं ऐकून ती आतून गार पडली. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे गिऱ्हाइकाच्या घरात हे बसवून येत होते, आणि कुठंतरी कुणी गोजाबाई स्वतःच्या हाताला दोष देत होती.

तिनं तिन्ही तुकडे उचलले. जाताना काउंटरपाशी थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझ्या वडिलांकडून मी पहिला ट्रान्झिस्टर घेतला होता, अनिल. आजपासून तुझ्या दुकानातून वायरसुद्धा नेणार नाही." आणि खरोखरच पुन्हा गेली नाही. त्यामुळं पुढं तिची कितीतरी कामं अडली.

रविवारी ती वस्तीवर गेली. गोजाबाई चुलीपुढं पाठ करून बसली होती. स्पीकर होते त्या खोलीकडं फिरकत नव्हती. चंद्रिकानं तिच्या शेजारी बसकण मारली, कापलेले ट्रान्झिस्टर तिच्या तळहातावर ठेवले आणि कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, डाळीएवढा खरा, तिळाएवढा खोटा. मी फसले, मामी. तुमच्या हातानं काही झालं नाही.

म्हातारीनं तो तीळ बोटानं चाचपला. बराच वेळ चाचपला.

"म्हंजी मी न्हाय?"

"तुम्ही नाही."

"मग ज्यानं केलं त्यो काय म्हनला?"

चंद्रिकानं आडवी मान हलवली. गोजाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि भाकरी थापायला घेतली, दोघींपुरती जास्त.

जेवणानंतर चंद्रिकानं अ‍ॅम्प्लिफायर उघडला. डाव्या बाजूचं जळकं सगळं काढून टाकलं. तिथं आता काही बसवायचं नाही, खोटं बसवण्यापेक्षा मोकळं राहू दे, असं तिनं धुळाप्पांना सांगितलं. नवा स्पीकर आणू का, असंही विचारलं. ते नको म्हणाले.

कॅसेट लावली. उजव्या स्पीकरमधून ओवी म्हणणाऱ्याचा आवाज आला, पण ढोल नव्हता. कॅसेटवर ढोल डाव्या बाजूला भरलेला होता. नुसता गळा उघडा पडल्यासारखा वाटत होता. धुळाप्पांनी मान खाली घातली.

अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढच्या पट्टीवर एक बारीक बटण होतं, 'मोनो' लिहिलेलं. दोन्ही बाजू एकात मिसळणारं. दोन स्पीकर असताना ते दाबायची कधी गरजच पडली नव्हती. चंद्रिकानं ते दाबलं. ढोल आला.

गोजाबाईनं आपलं बसायचं पोतं उचललं आणि उजव्या पेटीपाशी नेऊन टाकलं. ती धुळाप्पांची जागा होती. ते उठले, पलीकडं जाऊन मुक्या स्पीकरला पाठ टेकून बसले आणि तिथून ऐकू लागले.