दाराने नाकारलेली मांजर

टेलरच्या घरामागच्या अंगणात इतकी गर्दी लोटली होती की पाण्याच्या टाकीवरसुद्धा पोरं चढून बसली होती. सगळ्यांचे डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे. दाराच्या तळाशी वहीएवढी एक झडप नवीनच बसवली होती आणि तिच्याशेजारी पांढरी चादर अंथरून दारवाले महाराज बसले होते.

"हे दार दिसतं प्लॅस्टिकचं, पण आहे न्यायाचं!" महाराज गरजले. "याला किल्ली लागत नाही. हे जिवाच्या आत बघतं. सोडा त्या मनीला!"

बेकरीवाल्याची लठ्ठ मनी डुलत डुलत झडपेपाशी गेली. टक् असा आवाज झाला, हिरवा दिवा लागला आणि मनी पोट आवळत आत शिरली.

"पाहिलंत? निर्मळ जीव!"

"खाऊनपिऊन सुखी जीव म्हणा," मागून कोणीतरी बोललं. चौघांनी वळून त्याला गप्प केलं.

मुळात टेलरला हवं होतं ते साधंसं दार. गल्लीतला एक बोका घरात शिरून शिवून ठेवलेल्या कोटांवर मुतायचा. घरची मांजर आत-बाहेर करील आणि परका बोका बाहेरच राहील असं विजेवर चालणारं दार मिळतं, हे त्याच्या कानावर आलं होतं. दुकानात जाऊन चौकशी केली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण महाराज दारही बसवून देतात आणि घरातली पीडाही काढतात म्हटल्यावर टेलरला वाटलं, एका दगडात दोन पक्षी.

घरची मांजर म्हणजे आत्याची मोजी. अंगाने काळी, चारही पाय पांढरे. आत्या ही टेलरची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. भावाच्या दुकानातल्या कपड्यांना काजं करण्यात तिचं आयुष्य सरलं. हल्ली तिचे डोळे अधू झाले होते, काजं वाकडी येत होती, आणि ती राहायची त्या मागच्या खोलीत टेलरबाईंना दुसरं मशीन टाकायचं होतं.

महाराजांनी मोजीच्या गळ्यात मंतरलेला निळा पट्टा बांधला. मनीच्या गळ्यातही अगदी तसाच पट्टा होता.

मोजी रोजच्या सवयीने निघाली आणि झडपेवर आपटली. दिवा लागला नाही. आतून दुधाचा वास येत होता, म्हणून ती पुन्हा पुन्हा डोकं मारत राहिली. नाकातून रक्त आलं. पोरं हसली, आणि पोरांपेक्षा मोठी माणसं जास्त हसली.

महाराजांनी डोळे मिटले. "जिच्या हातचं हे जनावर खातं, तिची नजर या घराला लागली आहे. उद्याचा दिवस उजाडायच्या आत तिने उंबरठा सोडावा."

सगळ्या माना आत्याकडे वळल्या.

"मी?" आत्या म्हणाली. "अरे, या घराचं मी काय वाईट केलं?"

"वन्सं, आम्ही कुठे म्हणतोय? दार म्हणतंय," टेलरबाई म्हणाल्या आणि आतून आत्याची ट्रंक ओढत घेऊन आल्या. ट्रंकेला दोरीसुद्धा बांधलेली होती.

टेलरच्या मुलीला सगळे टाचणी म्हणत. अंगाने बारीक, पण बरोबर टोचायची. ती म्हणाली, "आई, दार तर आत्ता बोललं. मग ट्रंक सकाळीच कशी भरलीस?"

उत्तरादाखल तिच्या गालावर पाच बोटं उठली. ती रडली नाही. मोजीला उचलून ती थेट गल्लीच्या टोकाला, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पळाली.

डॉक्टरीणबाईंनी मोजीचं नाक पुसलं, पट्टा काढला आणि शिवण उसवली. आत पुठ्ठ्याचा तुकडा निघाला.

"अशी दारं मी पाहिली आहेत," त्या म्हणाल्या. "पट्ट्यात एक बारकी चकती असते. ती जवळ आली की दाराची खिट्टी सुटते. या पट्ट्यात चकतीच नाही. आता मला सांग, दाराला मांजर कळतं की चकती कळते, हे कसं ओळखशील?"

टाचणीने थोडा विचार केला. "मनीचा पट्टा मोजीला बांधायचा."

"आणि महाराज म्हणाले, आता ती शुद्ध झाली, तर?"

"तर मग झाडूला बांधायचा."

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि तिच्याबरोबर निघाल्या.

अंगणात चहा चालू होता. आत्या ट्रंकेवर बसली होती आणि तिच्या हातात कोणी कप दिला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मनीच्या गळ्यातला पट्टा सोडून मोजीला बांधला. टक्! मोजी आत गेली.

"माझ्या सहवासाने पालटली बिचारी!" महाराजांनी हात जोडले.

"मग आता या केरसुणीचा आत्मा वाचू या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. टाचणीने मोजीला बाहेर आणलं, तिचा पट्टा सोडून तो केरसुणीच्या दांड्याला बांधला आणि दांडा झडपेला टेकवला. टक्! हिरवा दिवा.

मग बेकरीवाला म्हणाला, "महाराज, केरसुणी निर्मळ आहे का हो?"

आणि अंगण हशाने फुटलं. महाराज चादर गोळा करायला लागले.

"धरा! हाडं मोडा त्याची!" सगळ्यात मोठ्याने ओरडत होता तो नळवाला. मागच्या थंडीत याच महाराजांच्या दाराने त्याच्या म्हाताऱ्या वडिलांचं कुत्रं नाकारलं होतं. त्याने वडिलांना दूरच्या आश्रमात नेऊन सोडलं. म्हातारा तिथेच गेला.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोलीस बघतील त्याला. पण पुठ्ठ्याचा पट्टा कोणाला बांधायचा हे त्याला कसं कळत होतं? बोला, महाराज."

महाराजांचा आवाज एकदम साधा झाला. "मी काही ओळखत नाही, बाई. घरी गेलो की चहा घेतो आणि विचारतो, घरात अडचण कोणाची होते? लोक सांगतात. नळवाल्यांनी तर पहिल्या घोटालाच सांगितलं."

नळवाल्याचा वर गेलेला हात तसाच राहिला. मग तो जमिनीवर बसला. त्याच्याकडे बघायची कोणाची छाती झाली नाही.

"मग डॉक्टरीणबाई, दार घ्यायचंच झालं तर कोणतं घ्यावं?" बेकरीवाल्याने घाईने विषय बदलला.

"मांजराच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप बसवतात. ती वाचणारं घ्या. पट्टा निसटतो, अदलाबदल होतो, कोणीही कोणाला बांधतो. चिप तशी बदलता येत नाही. आणि घेण्याआधी जनावराची रुंदी मोजा. तुमची मनी यात अडकेल एक दिवस."

आत्या ट्रंकेवरून उठली आणि भावासमोर उभी राहिली. "माझं नाव तू सांगितलंस की हिने?"

टेलर पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "नाव नाही सांगितलं, ताई. मी फक्त अडचण सांगितली."

टेलरबाई पुढे झाल्या. "वन्सं, झालं गेलं विसरा. चला आत, चहा टाकते."

आत्याने ट्रंकेचं एक टोक उचललं. मग म्हणाली, "टाचणे, ट्रंकेचं दुसरं टोक धर. मला जायला दुसरी जागा नाही." आणि ज्यांनी तिला काढलं होतं त्यांच्याच घरात ती परत गेली.

मुलांनो, महाराज तुरुंगात गेला आणि दारही उखडून झालं. एवढ्यावर टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. कोणी चमत्कार दाखवला की आधी विचारा, हे चालतं कसं? चकती असो, चुंबक असो, दोरा असो, शोधलं की सापडतं. मग दुसरा प्रश्न विचारा. हा चमत्कार आपल्याला इतका का आवडला? मनात जे होतं पण तोंडाने म्हणायची लाज वाटत होती, तेच त्याने म्हटलं म्हणून तर नाही ना? पहिलं उत्तर दुसऱ्या कोणाला विचारता येईल. दुसरं आपलं आपल्यालाच द्यावं लागतं, आणि ते खरं द्या.