गाळलेला 'ने'

आमचं प्रथिनांचं त्रैमासिक बंद करायचं ठरलं, आणि त्याची शेवटची निरवानिरव माझ्या गळ्यात पडली. दुसरं कोण करणार? हंगेरीतल्या सेगेदच्या त्या संस्थेत त्रेचाळीस वर्षं धूळ खात बसलेली मीच एक. नवा संचालक बालिंट, माझ्या भाच्याच्या वयाचा, येऊन म्हणाला, "एतेल्कामावशी, शेवटच्या अंकात एक तक्ता हवाय. आजवर लेख किती छापले, कुणाचे छापले, जगात त्यांचे संदर्भ कुणी कुणी दिले. आपला प्रभाव किती पडला ते दिसू दे लोकांना."

"प्रभाव पडला असता तर बंद कशाला केलं असतंस?" मी म्हटलं.

तो हसून निघून गेला. या पिढीला टोमणा मारला तरी लागत नाही.

मी मोजायला बसले. दीड महिना गेला. पहिली वीस वर्षं लेख वाढत गेले. मग सीमा उघडल्या, चांगले लेख परदेशी पळाले आणि आमच्याकडे उरलासुरला गाळ आला. गेल्या वर्षी तर उणेपुरे अकरा लेख. एकूण अठराशे सेहेचाळीस, त्यातल्या सहाशेंना जगात कुणी हातसुद्धा लावलेला नाही. माणसांनी तीन-तीन वर्षं घालवली असतील एकेका लेखावर! मला मेलीला वाईट वाटलं.

आणि एकच लेख सगळ्यांच्या वर. १९८१ सालचा. तापवून उलगडलेलं प्रथिन हळूहळू गार केलं तर परत आपली घडी कशी घालतं, यावरचा. चारशे बारा वेळा संदर्भ. त्याच्या खालचा लेख सत्तावन्नवर होता. लेखकाचं नाव टी. सेंद्रेई.

तो लेख टी. सेंद्रेईचा नव्हता. लेख होता त्याच्या बायकोचा, लेंकेमावशींचा. आणि तो त्याच्या नावावर चढला कसा, हे जगात एकट्या मला ठाऊक होतं.

आमच्याकडे आडनाव आधी लिहितात, आणि त्या काळी लग्न झालं की बाई नवऱ्याच्या नावात शिरायची. होलोशी लेंकेचं लग्न सेंद्रेई तिवादारशी झालं, ती झाली सेंद्रेई तिवादारने. शेवटचा तो 'ने' म्हणजे बायको. आख्ख्या नावात तेवढंच काय ते तिचं. लेखावर तिनं तेच लिहिलं होतं, आणि मुख्य पानावर आम्ही ते बरोबर छापलंही. पण मागे एक इंग्रजी अनुक्रमणिका असायची, परदेशी लोकांसाठी. त्यात आडनाव मागे टाकायचं, नावाचं पहिलं अक्षर पुढे घ्यायचं. मी बावीस वर्षांची, नोकरीला लागून तीन महिने झालेले. इंग्रजीत हा 'ने' कुठे बसवायचा तेच कळेना. टाकला गाळून. उरला टी. सेंद्रेई. आणि हा टी. सेंद्रेई आमच्याच संस्थेत, तळमजल्यावर, मिरचीच्या रंगावर काम करत होता!

हंगेरियन वाचतो कोण? जगानं अनुक्रमणिका वाचली. तिवादारला कुठून कुठून बोलावणी येऊ लागली. तो एकदाही गेला नाही. लोक म्हणायचे, बुजरा आहे.

नवरा-बायकोचं बोलणं बंद झाल्याचं संस्थेत सगळ्यांना माहीत होतं. एका घरात राहायची, एका टेबलावर जेवायची, पण "मीठ दे", "दार लाव" याच्या पुढे शब्द नाही. चौतीस वर्षं. नऊ वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा ती स्मशानात शेवटपर्यंत उभी होती आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. "दगड आहे बाई," असं कुणीसं म्हणालं. मी मान डोलावली. मी!

तक्ता बाजूला ठेवून मी तळघरात गेले आणि ८१ सालची फाईल काढली. काय शोधायचं ते मला नीट ठाऊक होतं. विसरले होते असं म्हणायला जीभ रेटत नाही. तळाशी, जिथे ठेवलं होतं तिथेच, तिवादारचं पत्र होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पूल ओलांडून लेंकेमावशींकडे गेले. एक्क्याऐंशी वर्षांच्या. नजर जवळजवळ गेलेली, जीभ मात्र तशीच. टेबलावर आलुबुखारांच्या बिया काढत बसल्या होत्या.

"कोण, एतेल्का? तुझी पावलं कळतात. वजन वाढलंय तुझं."

"मावशी, मासिक बंद होतंय."

"बरं झालं. कधीचं मेलं होतं. बस."

मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. उभ्या उभ्याच सांगितलं, चारशे बारा, सगळ्यांच्या वर तुमचा लेख. त्यांचे हात थांबले.

"माझा कुठला? त्याचा. त्यानं नाव फिरवून घेतलं."

"नाही. त्यांनी नाही. मी. मी 'ने' गाळला. मला कळलं नाही कुठे घालायचा."

मग मी सगळंच ओकून टाकलं. अंक निघाल्यावर आठवड्यानं तिवादारनं संपादकांना पत्र लिहिलं होतं. ते आधी माझ्या हातात पडलं. संपादक म्हणजे जमदग्नी, मला त्याच दिवशी हाकललं असतं. मी पत्र फाईलच्या तळाशी सारलं. म्हटलं, पुढच्या अंकात गुपचूप दुरुस्ती घुसवू. तिवादार स्वतः विचारायला आला, तेव्हा त्याच्या तोंडावर सांगितलं, "छापायला गेलंय." पुढचा अंक आला. दुरुस्ती नव्हती. तो परत आला नाही. पुन्हा विचारणारा माणूसच नव्हता तो.

"पत्र लिहिलंय, असं म्हणाला होता तो," लेंकेमावशी हळू म्हणाल्या. "मी जूनचा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. मग म्हटलं, खोटारडा. त्याच्या तोंडावर म्हटलं." त्यांनी हात फडक्याला पुसले. "वाच."

मी पिशवीतून पत्र काढलं आणि वाचलं. "माननीय संपादक, मार्चच्या अंकात इंग्रजी अनुक्रमणिकेत माझ्या बायकोच्या लेखावर माझं नाव आलं आहे. लेख तिचा आहे. मला त्यातला एक प्रयोगही धड समजावून सांगता येणार नाही. दुरुस्ती छापावी. तिच्या माहेरच्या नावानं, होलोशी लेंके म्हणून छापलीत तरी माझी हरकत नाही. ती घरी माझ्याशी बोलत नाही, म्हणून जरा लवकर."

"शेवट परत वाच."

"ती घरी माझ्याशी बोलत नाही, म्हणून जरा लवकर."

"जरा लवकर," त्या म्हणाल्या, आणि तोंड ओंजळीत घेऊन रडू लागल्या. स्मशानात न आलेलं सगळं आता आलं. मला जवळ जायचं होतं, पण मी कुठल्या तोंडानं जाणार? भिंतीला टेकून मीही रडत राहिले. आलुबुखारांवर माश्या बसत होत्या, त्या हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "तो रोज बूट काढताना माझ्याकडे बघायचा. काहीतरी बोलायला तोंड उघडायचा. मी उठून आत जायचे. रोज, एतेल्का."

"मावशी, मला शिव्या घाला."

"तुला घालून तो ऐकणार आहे का?"

दुसरं काही सुचेना म्हणून मी विचारलं, "शेवटच्या अंकात दुरुस्ती छापते. तक्त्यात पहिली ओळ तुमची. नाव काय लिहू? होलोशी लेंके?"

निवृत्तीच्या दिवशी दारावरची पाटी काढून त्यांनीच माहेरचं नाव लावलं होतं. अजूनही दारावर तेच होतं, येताना मी पाहिलं होतं.

त्यांनी मान हलवली. "सेंद्रेई तिवादारने."

"नक्की?"

"त्याच्याशी बोलायला आता तेवढंच उरलंय मला," त्या म्हणाल्या. "आणि 'ने' गाळू नकोस."