बरडीवरच्या भेगा

ऋतिकचं लगन अडलं होतं मातीपाशी. पत्रिका जुळली होती, पोरगा-पोरगी तर कधीचेच जुळले होते, अन् अडलं कुठी, तर मातीपाशी!

झालं असं का, दारव्ह्याले एका लगनात ऋतिक अन् अर्पिता एकाच पंगतीत वाढाले होते. हा बुंदी वाढे अन् ती मठ्ठा. त्यानं तिच्याकडे पाहता पाहता एका म्हाताऱ्याच्या भातावर बुंदी वाढली, ती हासली, अन् तवापासून फोन सुरू. पण अर्पिताचा बाप डोमाजी म्हणजे वेगळाच गडी. आजकाल पोरीवाले नोकरीवाला पाहतात, शहरातला फ्लॅट पाहतात. डोमाजी म्हणे, "नोकरी नसली तरी चालते, जमीन काळी पाह्यजे."

त्याची सोताची नाल्याकाठची वीस एकर काळी. अशी भारी का उन्हाळ्यात तिच्यात भेगा पडल्या म्हणजे बकरीचं पिल्लू हरपते. हा डोमाजी सोयरीक पाहाले गेला का पोराले पाहत नाही, सरळ वावरात जाते, तुरीची वाळली काडी, म्हणजे तुराटी, भेगेत घालते, अन् किती आत गेली ते पाहते. मोठ्या पोरीच्या वक्ती तुराटी छातीएवढी आत गेली तवा कुठी त्यानं पोहे खाल्ले.

अन् ऋतिकचं वावर? बोरखडीच्या टेकडीच्या उतारावर सात एकर, सारी बरड. वर वीतभर भुरकी माती, खाली मुरूम, त्याच्याही खाली फत्तर. पावसाचं पाणी तिथं घाईतल्या पाव्हण्यावानी येते, चहा बी न घेता नाल्याकडे निघून जाते, अन् जातांनी पसाभर माती संगं नेते. हजारो सालं हेच चालू हाये, म्हणून तर खालचे काळीवाले झाले अन् वरचे बरडवाले. म्हणजे खरं पाह्यलं तर डोमाजीची काळी ही ऋतिकच्याच टेकडीवरून वाहून गेलेली! पण हे होणाऱ्या सासऱ्याले कोण सांगन?

आता मधात माणूस होता उकंडामामा, ऋतिकच्या मायचा भाऊ. सोयरीक त्यानंच नेली होती. एका सकाळी तो धापा टाकत घरी आला.

"गुरुवारी डोमाजी येऊन राह्यला," मामा म्हणे. "वावर पाहाले."

ऋतिकची माय विमलताई कणीक मळत होती, तिचा हात तसाच परातीत राह्यला. "उकंडा, तू त्याले काय सांगतलं?"

"काळी म्हटलं."

"किती काळी?"

"आता बोलता बोलता म्हटलं, माह्या डोक्यावरच्या केसावानी काळी."

"मामा, तुम्ही टकले हा," ऋतिक म्हणे.

"फोनवर बोललो बे, त्याले कुठी दिसते!"

ऋतिकचा बाप बापूजी कमी बोलणारा माणूस. त्यानं गडूभर पाणी पेलं अन् खाटेवर बसला. डोमाजी एकदा नाही म्हटलं का नाही. अर्पितानं फोनवर सांगतलंच होतं, "बाबांनी कळंबचा एक पोरगा नुसता भेग तिरपी होती म्हणून वापस लावला."

मंग डोकं चाललं मामाचंच. गावच्या तलावाचा गाळ काढणं सुरू होतं, लोक ट्रॉल्या भरभरून वावरात नेत होते. तो गाळ म्हणजे काळाकुट्ट, टेकडीवरून गेलेलीच माती. मामा म्हणे, "रस्त्याकडचे दोन गुंठे झाकून टाकू. एवढ्या उन्हात आत कोण जाते? धुऱ्यावर, बांधावरच उभा राहीन, पाहीन, पोहे खाईन, निघून जाईन."

"हे बरोबर नाही," बापूजी म्हणे.

"भाऊजी, पोराचं लगन करा लागते का नाही?"

बापूजीनं ऋतिककडे पाह्यलं. ऋतिकनं खाली पाह्यलं. झालं, ट्रॅक्टर निघाला. बुधवारी दुपारपर्यंत अकरा ट्रॉल्या टाकल्या, ढेकलं फोडली, फावड्यानं सपाट केलं. वीतभर थर! कोळशावानी काळं झालं रस्त्याकडचं अंग. बापूजी कमरेवर हात ठेवून उभा राह्यला, अन् जो माणूस आधी बरोबर नाही म्हणत होता तोच म्हणते कसा, "असं वावर असतं तर म्या बी काळीवाल्यावानी मिशा ठेवल्या असत्या."

तेवढ्यात विमलताई पाणी घेऊन आली. तिनं इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं.

"बाकी सारं ठीक हाये. भेगा कुठी हायेत?"

तिघंही खाली वाकून पाहाले लागले. बरोबरच होतं ना! काळी पाऊस पेली का फुगते अन् उन्हात वाळली का आक्रसते, तवा भेगा पडतात. इथं पारा पंचेचाळीसवर अन् हे काळं वावर धुऊन वाळत घातलेल्या सतरंजीवानी सपाट!

"पाणी देऊन वाळू देऊ," मामा म्हणे.

"त्याले पंधरा दिवस लागते, पाव्हणे उद्या येऊन राह्यले," ऋतिक म्हणे.

मंग काय, हातानंच पाडू!

गुरुवारी दिवस उगवाच्या आत सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन बापूजी या धुऱ्याकडून अन् ऋतिक त्या धुऱ्याकडून लागले. मामा मधात उभा राहून "मस्त, मस्त" म्हणे. वरचा गाळ अन् भुरकी माती भसाभस निघे, खाली मुरूम लागला का सब्बल खण्णकन वाजे अन् हाताले झिणझिण्या. साडेनऊ वाजेपर्यंत सारे दोन गुंठे फाडून काढले. ऋतिक घामानं चिप्प झाला होता, पण भेगा पाहून त्याले वाटलं, जमलं बुवा. काही तरी खटकत होतं, पण काय ते समजे ना.

दहा वाजता डोमाजीची फटफटी आली. मागं अर्पिता, तोंडाले दुपट्टा गुंडाळलेली, नुसते डोये दिसत. डोमाजीनं तिले मुद्दाम आणलं होतं. "राहाचं हिले हाये, हिनंच पाहावं."

डोमाजी धुऱ्यावर उभा राह्यला. डावीकडे पाह्यलं. उजवीकडे पाह्यलं. मंग खाली बसून एक डोया मिटला अन् ओळंबा पाहणाऱ्या गवंड्यावानी एका भेगेच्या रेषेत नजर लावली.

"बापूजी."

"जी."

"ह्या भेगा किती अंतरावर हायेत?"

आता बापूजी म्हणजे साऱ्या पंचक्रोशीत सरळ तासाचा, दोरीवानी सरळ ओळ काढणारा माणूस. त्याची पेरणी पाहाले लोक येत. चाळीस सालं ज्या हातानं सरळ तासं काढली, त्याच हातानं भेगा पाडल्या होत्या. त्याच्या तोंडून निघून गेलं, "तीन फूट. बरोब्बर."

"अन् एका ओळीत?"

"म्हणजे काय! दोरी नाही लावली, नुसत्या नजरेनं…"

ऋतिकनं त्याच्या पायावर पाय देला, पण उशीर झाला होता. तवा कुठी त्याले समजलं सकाळपासून काय खटकत होतं ते. भेगा कधी ओळीत पडतात का? त्या पडतात वाकड्यातिकड्या, जाळीवानी, एकीतून दुसरी फुटलेली. इथं तर कपाशी लावून घ्यावी अशा चौदा भेगा, या टोकापासून त्या टोकापर्यंत!

डोमाजीनं शांतपणे पिशवीतून तुराटी काढली. पहिल्या भेगेत घातली. टक्. दुसऱ्या भेगेत. टक्. तिसऱ्या भेगेत. टक्. दोन वितांच्या वर कुठीच जाये ना.

"दगड लागला असन एखादा," मामा म्हणे.

"साऱ्या भेगांत एकच दगड हाये का, उकंडा? लय मोठा हाये मंग."

"मोठाच हाये काका," ऋतिक बोलून गेला. "इथून यवतमाळच्या पलीकडे गेला तो. त्याच्यावर वीतभर माती हाये, तेवढंच आमचं वावर. सातही एकर बरड हाये. हा गाळ तलावाचा, काल टाकला. अन् भेगा आम्ही पाडल्या."

अर्पितानं डोये मिटून घेतले. मामा एकदम टेकडीवरचे साग मोजाले लागला. डोमाजी उठला, धोतराची माती झटकली अन् फटफटीकडे चालू लागला.

ऋतिकच्या मनात आलं, गेलं. पंगत गेली, फोन गेले, सारं गेलं. तो पळत पुढं झाला अन् फटफटीच्या समोर उभा राह्यला.

"काका, चूक झाली. पण वावराचं ऐकून घ्या अन् मंग जा. दहा दिवस पावसानं दडी मारली का आमची सोयाबीन मान टाकते, हे खरं हाये. पण झड लागली म्हणजे? तुमच्या काळीत आठ-आठ दिवस पाय ठेवता येत नाही, चिखल गुडघ्याले धरते. तुम्ही धुऱ्यावर बसून तण पाहता. मी पाऊस उघडला का दुसऱ्या दिवशी डवरा हाणून तण काढतो. कोरडं अन् ओलं, दोन्ही सालं मोजा ना."

"काळी ते काळीच," डोमाजी म्हणे. "सर बाजूले."

तवा अर्पितानं दुपट्टा सोडला. तोंड लालबुंद.

"बाबा, आपल्या घरचा दरवाजा आखाडात लागते का?"

"घरच्या गोष्टी इथं कायले काढून राह्यली?"

"खालची काळी माती फुगली का दार चौकटीत फसते. मागच्या पावसाळ्यात मी न्हाणीत अडकली होती, तुम्ही दार तोडून काढलं मले! उन्हाळ्यात माती वाळली का भिंत फाटते. तीनदा प्लास्टर केलं. आज बी सैपाकघरातल्या भेगेतून शेजारच्या जमनीकाकीची चूल दिसते. त्यांच्याकडे भाजी कोणती हाये ते आपल्याले त्यांच्या पोराआधी समजते."

"चांगले शेजारी हायेत," डोमाजी म्हणे.

"हायेत ना! पण त्यांनाही आपली भाजी दिसते!"

विमलताईनं मोका साधला. "भाऊ, ऊन लय हाये. चहा घ्या अन् मंग काय बोलाचं ते बोला."

चहाले नाही म्हणता येत नाही. घर वावराच्याच कडेले, मुरमावर बांधलेलं. डोमाजी उंबऱ्यात थांबला. त्यानं दार एका बोटानं लोटलं. लागलं. उघडलं. पुन्हा लोटलं. पुन्हा लागलं. मंग भिंतीवरून तळहात फिरवत फिरवत तो कोपऱ्यापर्यंत गेला.

"कधी बांधलं?"

"ऋतिकच्या जन्माआधी," बापूजी म्हणे. "सत्तावीस सालं झाले."

"प्लास्टर?"

"तेच."

"पावसाळ्यात दार?"

"असंच."

डोमाजी आतल्या खोलीत गेला, दार लावून घेतलं, अन् आवाजच नाही. बाहेर चहा निवून राह्यला. मामा ऋतिकच्या कानात म्हणे, "रागावून बसला का बे?"

"बाबा?" अर्पितानं दार वाजवलं.

"थांब वं जराशी," आतून आवाज आला. "लागलेल्या दारात बसू दे मले."

बाहेर आला तवा त्याचं तोंड जरा निवळलं होतं, पण बोलणं तेच कडक. "घर ठीक हाये. वावर ठीक नाही. पण गाळ आणाची अक्कल बरी होती, नुसती दाखवाले वापरली. वीतभर दोन गुंठ्यात थापून काय उपेग? दोन बोटं सातही एकरात पसरा, वखरून मातीत मिसळा. पाणी चार दिवस जास्त टिकन. मिरगाच्या आधी सात एकर झालं तर सुपारी फोडू. नाही तर राम राम."

"दोन-तीनशे ट्रॉल्या लागन!" मामा ओरडला.

"मंग तू बी टोपलं धर, उकंडा. काळी तूच म्हटली होती."

तवापासून ऋतिकचं एकच काम. पहाटे तलाव, दुपारी वावर, अंगावर एवढा गाळ का विमलताई म्हणे, "आधी बोल, मंग घरात ये, आवाजावरून वळखू दे." अर्पिताचा रोज फोन, "किती झालं?" हा म्हणे, "पावणेचार एकर." ती म्हणे, "काल बी तेवढंच होतं." हा म्हणे, "काल मामा मदतीले होते."

मे संपला त्या दिवशी डोमाजी न सांगता आला. साऱ्या सात एकरात फिरला अन् दर वीस पावलावर खाली बसून दोन बोटं मातीत घाले. ऋतिक मागं मागं. मध्यभागी ठीक. नाल्याकडे ठीक. टेकडीच्या वरच्या कोपऱ्यात डोमाजी थांबला, पुन्हा बोटं घातली, पुन्हा पाह्यलं.

"इथं अर्धं बोट कमी हाये."

डोमाजीनं चपला काढल्या, धोतर वर खोचलं, ट्रॉलीपाशी गेला अन् भरलेल्या टोपल्याचा एक कान पकडला.

"धरा जवाई, तिकडून."

'जवाई' ऐकलं अन् ऋतिकनं ते टोपलं असं उचललं का सारं एकटाच घेऊन पळत सुटला, अन् कोपऱ्यात जाऊन एकाच जाग्यावर ओतलं.

"अरे ढीग नाही, ढीग नाही!" सासरा मागून ओरडत धावला. "पसरवा!"