दात असल्याचा भ्रम

वृद्धाश्रमातल्या माणसांचे दात मोजायचं काम मी घेतलं, तेव्हा माझी सून म्हणाली, "त्यात मोजायचं काय असतं हो आई?" मी हसले. दातांची डॉक्टर म्हणून चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बघण्यात गेली, निवृत्तीनंतर एक सरकारी पाहणी हातून होतेय, एवढंच वाटलं होतं. कुणाचा कुठला दात आहे, कुठला गेला, का गेला, हे बत्तीस चौकोनांच्या तक्त्यात भरायचं. आरसा, टॉर्च आणि हातमोजे. राग यावा असं त्यात काही नव्हतं.

मेट्रनबाईंनी चहाबरोबर तयार यादीच पुढे ठेवली. "तुमचं काम सोपं करून ठेवलंय, डॉक्टरबाई. फक्त उतरवून घ्या."

यादीत एक्केचाळीस माणसं. कुणाला बत्तीस दात, कुणाला शून्य. अधलंमधलं कुणीच नाही. ऐंशीच्या घरातल्या तोंडांचा इतका चोख हिशेब मी जन्मात पाहिला नव्हता.

"हे मोजलं कुणी?"

"मोजायचं कशाला? दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातून यादी मागवली होती, तीच ही. साधं जेवण जेवतात त्यांना बत्तीस, मऊ जेवण जेवतात त्यांना शून्य." वर आपल्याच हुशारीवर खूश!

मी यादी घडी करून पर्समध्ये कोंबली आणि टॉर्च घेऊन उठले. पहिल्याच खोलीतल्या बत्तीस दातांच्या आजोबांना मोजून तीन दात निघाले. "सगळं पाण्यात भिजवतो आणि गिळतो," ते म्हणाले. "कुणी विचारलंच नाही."

तिसऱ्या खोलीत खिडकीपाशी टेलरबाई होत्या. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत. खुर्चीतच पेंगत होत्या. पलंगाला लटकवलेली त्यांची फाइल मी उचलली. लिहिलं होतं, दात शून्य. त्याखाली तिरक्या अक्षरात, 'दात असल्याचा भ्रम. वारंवार ब्रश मागते. सकाळ-दुपार गोळी.'

"मावशी, तोंड उघडता का जरा?"

त्यांनी टॉर्चकडे पाहिलं आणि लगेच आ केला. आत दात होते. किटण चढलेले, हिरड्या सुजून लाल झालेल्या, पण दात होते. समोरच्या एका दाताला बारीक खाच होती, वर्षानुवर्षं दोरा तोडून पडलेली.

"मोजा," त्या म्हणाल्या. "मोठ्याने मोजा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

मी मोठ्याने मोजले. एकोणीस भरले.

मग त्यांनी जड जिभेने, थांबत थांबत सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला आणि आठवडाभर मऊ जेवण मिळालं. यादी नेमकी त्याच आठवड्यात झाली. ताप गेला, शून्य राहिलं. ज्याला दात नाहीत त्याला ब्रश मिळत नाही, आणि त्याचं मऊ जेवणही सुटत नाही. 'मला दात आहेत' असं त्या ओरडून सांगू लागल्या, तेव्हा इथल्या डॉक्टरांना बोलावलं. त्या शहाण्याने कागद पाहिला, तोंड पाहिलं नाही, आणि गोळी लिहून दिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मेट्रनबाई दारात उभ्या होत्या. "गेल्या आठवड्यात गाल सुजला तेव्हा आमच्याही लक्षात आलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यावर उपाय केलाय. गुरुवारी सगळे काढून टाकतोय, मुलाची सहीसुद्धा आलीय. दुखणंही थांबेल आणि कागदही बरोबर होईल. तुम्ही आजच शून्य लिहा, उगीच मागाहून खाडाखोड नको."

"लक्षात आलं तरी गोळी चालूच?"

"ती डॉक्टरांनी दिलीय ना."

"अहो, कागद चुकला म्हणून दात उपटता? चोर सोडून संन्याशाला फाशी! यातले चार कामातून गेलेत, पंधरा अजून वाचतील."

"तुम्ही मोजायला आलाय, डॉक्टरबाई. सही मुलाची आहे."

"मग लावा मुलाला फोन. स्पीकरवर लावा."

मुलगा आधी गोंधळला. "पण आईला भ्रम आहे ना? तसं पत्र आलं होतं मला."

"मग तो मलाही झालाय. आत्ताच, एकोणीस वेळा."

मी थांबले नाही.

"आणि सही करताना एवढंही विचारलं नाहीत, की एकही दात नाही तर काढायचे कुठले?"

"कागद आला, मी सही केली. कामाच्या गडबडीत..."

"आईच्या तोंडात शेवटचं कधी पाहिलंत, ते नाही विचारत. सही मागे घेताय की नाही, तेवढं सांगा."

"घेतो. घेतो मागे."

मेट्रनबाईंच्या डोळ्यांदेखत मी तक्त्यात शाईने एकोणीस चौकोन भरले. मावशींनी माझा हात घट्ट धरला.

"फाइल आहे ना हातात? माझे आणखी किती भ्रम लिहिलेत, तेही वाचा."

मी पान उलटलं. 'खिडकीतून गार वारा येतो असा भ्रम.' मी खिडकीला हात लावला. चौकट आणि काच यांच्यात बोटभर फट होती. 'चष्मा बदलला गेल्याचा भ्रम.' मावशींच्या चष्म्याच्या दांडीवर नऊ नंबरच्या खोलीची चिठ्ठी चिकटवलेली होती. मेट्रनबाईंनी फाइल घ्यायला हात पुढे केला, मी दिली नाही.

फोन अजून चालूच होता. पुढची ओळ मी मुद्दाम चढ्या आवाजात वाचली.

'मुलगा दोन वर्षांत एकदाही भेटायला आला नाही, असा भ्रम.'

मावशींनी फोनकडे तोंड वळवलं.

"बोल की रे," मावशी म्हणाल्या. "डॉक्टरबाईंना लिहायचंय."