फोटोतला डावा हात

काशीत मेलं की माणूस सुटतो. आमचे वेणीमाधवकाका मुगलसरायला मेले. सोळा किलोमीटर कमी पडले.

काका रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती, तरी फलाटावर भेटलेल्या एका पहिलवानाकडे त्यांनी सवयीने तिकीट मागितलं. पहिलवानाने दाखवलं. तिकीट निघालं याचाच राग येऊन काकांनी त्याच्या कानाखाली वाजवली. पहिलवानाने परत वाजवली. काका रुळांवर डोक्यावर पडले. दोन्ही थपडा फलाटभर ऐकू गेल्या म्हणे, पण दुसरी जास्त.

तेरावं झालं आणि तिसऱ्या दिवशी, दुपारी चारला, पंचगंगा घाटावरच्या गल्लीतल्या आमच्या स्वयंपाकघरात आवाज आला. मग सुनीतीकाकूच्या गालावर पाच बोटं उठली. आम्हा दोघांशिवाय खोलीत कुणी नव्हतं.

"काका आले," मी म्हणालो.

"चहा टाकते," काकू म्हणाली.

तेव्हापासून रोज चारला. काका दिसायचे नाहीत, फक्त लागायचे. पहिल्या आठवड्यात माझा एक दात गेला. दुसऱ्यात कुकर माझ्या डोक्यात बसला आणि त्याची शिट्टी माझ्या केसांत अडकून राहिली. चौथ्या आठवड्यात काकूचं गळपट्टीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी विचारलं, "कैसे हुआ?" काकू म्हणाली, "सीढ़ी से गिर गई." एकतीस वर्षं ती हेच सांगत होती. आमच्या घाटाला पायऱ्याही भरपूर आहेत, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. विनातिकीट प्रवाशांना काका ड्युटीवर मारत. काकूला घरी मारत, तिच्याकडे रेल्वेचा फॅमिली पास असूनही.

उलट हात टाकायचं आम्हाला सुचलं नाही. आमच्याकडे थोरल्यांवर हात उचलत नाहीत, आणि मेल्यावर तर माणूस आणखीच थोरला होतो. आम्ही फक्त "काका, पुरे", "अहो, पुरे" एवढं म्हणायचो. आदरार्थी.

शेवटी शेजारणीने सांगितलं, पिशाचमोचनला न्या. तिथे कुंडाजवळ पिंपळ आहे. न सुटलेल्या माणसाचा फोटो लावतात, त्यावर नाणं ठेवून खिळा ठोकतात, की तो तिथेच राहतो. बुंध्यावर साल कमी आणि खिळे जास्त आहेत.

"फोटो हवा," काकू म्हणाली. काकांनी रागाच्या वेगवेगळ्या निमित्तांनी घरातले सगळे अल्बम फाडले होते. उरला होता एकच फोटो, माझ्या मुंजीतला. मी आठ वर्षांचा, डोक्यावर शेंडी. काका माझा कान पिळताहेत. मी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरून कान सोडवायला बघतोय. पुण्याच्या सगळ्या नातेवाइकांना हा फोटो फार गोड वाटतो.

"तुला कापून काढते," काकू म्हणाली. हे वाक्य आमच्या घरात नेहमीचंच, पण या वेळी तिच्या हातात खरंच कात्री होती आणि दुसरा हात झोळीत. तिने माझं तोंड कापलं. कान तर असा सोडवला की पाळीला धक्का नाही. पण काकांच्या मनगटावरची माझी बोटं काही सुटेनात. बोटं कापावीत तर काकांचं मनगट जाई.

"राहू दे गं," मी म्हणालो. "हातच तर आहे."

हे मी म्हणालो. मी, शार्दूल, जो आईवडिलांना पुण्यात सोडून चार वर्षं बनारसात तबला शिकतोय, ज्याच्या गुरुजींच्या मते उजवा हात हमालाचा आहे पण बायां, म्हणजे डावा, बरा आहे, आणि ज्याची त्याच दिवशी तीन वाजता रेडिओवर ऑडिशन होती. हीच तारीख मिळायला दोन वर्षं लागली होती.

अकराला आम्ही पिंपळापाशी पोचलो. तिथले पुरोहित, पंडाजी, तोंडात पान धरून होते. त्यांनी फोटो पाहिला.

"ये हाथ किसका है?"

"मेरा," मी म्हणालो.

"बढ़िया," ते म्हणाले. नंतर कळलं की त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी फोटो खोडावर धरला, रुपया ठेवला, आणि चार इंची खिळा बरोबर तिथे ठोकला जिथे माझा पंजा आणि काकांचं मनगट एकत्र येत होते.

माझा डावा हात माझ्याआधी निघाला. तो खांद्यातून हिसकला आणि फट्‌कन खोडावर जाऊन चिकटला. मागून मी गेलो, नाकावर. तळव्यातून रक्त आलं, पण खिळा दिसेना. खिळा फोटोत होता, भोक माझ्यात होतं.

नाक वर केलं तर समोर काका. या वेळी दिसणारे. काळा कोट, छातीवर बिल्ला, डोक्याची मागची बाजू मुगलसरायला राहिलेली. त्यांचं उजवं मनगट माझ्या मुठीखाली त्याच न दिसणाऱ्या खिळ्याने जखडलेलं. डावा हात मोकळा.

"गाढवा," काका म्हणाले, आणि मोकळ्या हाताने सुरू झाले.

घरी निदान चारला सुरू होऊन सव्वाचारला संपायचं. इथे वेळापत्रकच नव्हतं. पहिल्या थपडेत उजवा कान बंद झाला. दुसरीत ओठ फाटला. तिसरी चुकवायला गेलो तर हात खिळ्यावर ओढला गेला आणि आतलं काहीतरी तटकन तुटलं. चौथी मी चुकवली नाही.

"अहो, पुरे!" काकू ओरडत होती. "अहो, त्याची परीक्षा आहे!"

पंडाजींनी पान थुंकलं. "पैंतीस साल में पहली बार देख रहे हैं," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग ते कामाला लागले. रस्ते दोनच होते. खिळा उपटायचा, म्हणजे पुतण्या सुटेल, पण त्याच्याबरोबर काकाही सुटतील, आणि एकदा सुटलेला पुन्हा खिळ्याला फसत नाही. नाहीतर हात कापायचा. फांद्यांसाठी ठेवलेली करवत होती त्यांच्याकडे. "धार अच्छी है," ते म्हणाले.

काका थांबले. त्यांनाही निकाल ऐकायचा होता.

काकूने करवतीकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे, मग झोळीतल्या स्वतःच्या हाताकडे.

"खिळा काढा," ती म्हणाली. "निकालिए."

"काकू, नको."

"तुझा हात मी जाऊ देणार नाही, शार्दूल. यांना मी घरी घेऊन जाते. मला सवय आहे."

"अक्कल आली म्हणायची," काका म्हणाले. "चल आता. आणि चहात आलं किती घालतेस? रोज बघतोय मी."

ते "मला सवय आहे" माझ्या चांगल्या कानात गेलं. मला ठरवल्याचं आठवत नाही. माझा उजवा हात, हमालाचा, वर गेला आणि काकांच्या तोंडावर बसला.

कडकन आवाज झाला. काकांचे पुढचे दोन दात माझ्या मुठीच्या सांध्यात रुतले आणि तिथेच राहिले. काका मागे हेलपाटले, मनगटावर लोंबकळले, मग सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तपासणीत स्वतःच विनातिकीट सापडल्यासारखे दिसत होते.

"तू... मला?"

काकू हळूहळू जवळ आली.

"लागतं यांना?" तिने मला विचारलं.

"लागतं, काकू."

"म्हणजे इतके दिवस लागलं असतं?"

"असं दिसतंय."

काकूने झोळी काढून माझ्या खांद्यावर अडकवली आणि पंडाजींच्या हातातली हातोडी घेतली. मागितली नाही, घेतली.

"अगं ए, काय करतेस? लोक बघताहेत," काका म्हणाले.

पहिला घाव गुडघ्यावर. दुसरा दुसऱ्या गुडघ्यावर. काका मोकळा हात पुढे करत होते, तर तिने कोपर उलट्या बाजूला वळवलं. मग तिने जिथे जागा दिसली तिथे मारलं. ती ओरडत नव्हती. मान खाली घालून, मसाला कुटताना असते तशा तंद्रीत, एका लयीत मारत होती. माझ्या बंद कानालाही ती लय कळत होती. तीनताल होता, विलंबित. समेवर गळपट्टीचं हाड मोडलं.

कुंडावर पिंडदानाला आलेली मंडळी उठून उभी राहिली होती. एक म्हातारी विचारत होती, "ये वाली पूजा कितने में होती है?"

"पंडाजी, खिळा काढा," काकू धापा टाकत म्हणाली.

"काढला तर पळतील ना!" मी म्हणालो.

"कोणत्या गुडघ्यांनी?"

पंडाजींनी चिमट्याने खिळा ओढला. माझा हात खोडावरून सुटून खाली लोंबला. काका खरंच निघाले होते, कोपरावर सरपटत, घराच्या दिशेने. काकूने कॉलर धरून त्यांना मागे ओढलं, खोडाला टेकवलं, रुपया त्यांच्या तळहातावर ठेवला आणि खिळा टेकवला.

"बिना फोटो के नहीं होता, माताजी," पंडाजी म्हणाले. "विधि है."

"फोटो त्यांना लागतो, ज्यांना माणूस ओळखू येत नाही," काकू म्हणाली, आणि ठोकला. तीन घाव. तिसऱ्याला काका दिसेनासे झाले. त्यांचं "अगं" मात्र सावकाश गेलं.

अडीचला माझ्या डाव्या हाताला सात टाके पडले. तीनला मी ऑडिशनला बसलो. बायां वाजला, रक्त आलं पण वाजला. परीक्षकांनी मानाही हलवल्या. उजवा मात्र सुजून नारळ झाला होता आणि त्यातून काकांचा दुसरा दात निघायचा राहिला होता. 'ना' हा बोल एकदाही लागला नाही. परीक्षक म्हणाले, बायां उत्तम, पुढच्या वेळी उजव्यावर मेहनत करा. मी म्हणालो, आज तीच केली.

चार वाजायच्या आत घरी पोचलो. काकूने चहा टाकला होता. घड्याळात चार वाजले आणि आम्ही दोघांनी मान खाली घातली, गाल पुढे केला. काहीच झालं नाही. सव्वाचारपर्यंत आम्ही तसेच बसलो. चहा गार झाला.

"किती दिवसांनी मिळेल पुन्हा तारीख?" तिने विचारलं.

"दोन वर्षं."

पदर सावरायला तिने मांडीवरची वस्तू ओट्यावर ठेवली, तेव्हा दिसलं की हातोडी आमच्याकडेच राहिली आहे. तेव्हापासून पंडाजींचे त्यासाठी दोनदा निरोप येऊन गेलेत. काकू दर वेळी म्हणते, देईन. शनिवारी ती स्वतः घेऊन जाते, खिळा सैल झालाय का बघते, आणि हातोडी घेऊन परत येते.

खिळा अजून एकदाही सैल झालेला नाही. तरी दर शनिवारी ती दोन घाव घालते.